पालथा माणूस

उजवं कोपर अजून हुळहुळतंय, त्यामुळे हे जरा रागातच लिहितोय.

दलदलीवरच्या लाकडी पायवाटेवर मी पालथा पडलो होतो. स्वखुशीने. समोर पाण्याबाहेर बोटभर दांडा काढून युट्रिक्युलॅरिया फुलली होती. पिवळं, नखाएवढं फूल. पठारावरच्या 'सीतेची आसवं' नावाच्या फुलाची ही पाण्यातली बहीण. वरून अगदी गरीब दिसते. पाण्याखाली मात्र तिच्या पानांना बारीक बारीक फुगे असतात. फुग्याच्या दारावरच्या केसाला एखादा पाणपिसू नुसता टेकला, की पाण्यासकट आत. सेकंदाच्या हजाराव्या भागात खेळ खलास. शटरचा वेग तेवढा ठेवता येतो, शटर दाबणाऱ्याचा नाही.

त्यात ती फळ्यांची वाट म्हणजे झोपाळाच. वीस पावलांवर कुणी चाललं तरी फूल चौकटीबाहेर. मी श्वास रोखला आणि अख्खी वाट लयीत डुलायला लागली.

"पडलात का?"

मान वळवली तर आधी लेन्स दिसली. मग बऱ्याच वेळाने माणूस. टोपीपासून पँटपर्यंत पानापानांचे कपडे. आजूबाजूला नुसतं पाणकणीस, त्यामुळे लपण्यासाठी घातलेल्या त्या कपड्यांत ते मैलावरून उठून दिसत असणार.

"फुलाचा फोटो काढतोय."

"कुठलं फूल?"

"हे."

ते वाकले. माझ्या कानाला घासून लेन्सही वाकली. "हे? अहो, हे शेवाळ आहे."

"कीटक खाते ही वनस्पती."

"तुम्हाला चावली?"

मी गप्प. चुकीच्या गाडीत बसलेल्याला सांगावं तशा मायेने ते म्हणाले, "पक्षी तिकडे आहेत."

पाणथळ जागी माणसाची पत लेन्सच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. सहाशेवाले बोलतात, चारशेवाले माना डोलावतात आणि बारीकसारीक जवळून टिपणारी शंभरची मॅक्रो लावलेल्याला "काही हरवलंय का?" असं विचारतात.

इथवर ठीक होतं. मग त्यांनी मोबाइल काढून लाजऱ्या पाणकोंबडीचा आवाज लावला. क्वाक, क्वाक, क्वाक. नावाला लाजरी, पण आपल्या हद्दीत दुसरी कोंबडी ओरडतेय म्हटल्यावर तीही अंडी टाकून भांडायला धावते. अंडी तोवर उघड्यावर. असे आवाज लावू नका, हे फाटकावरच्या फलकावर चित्रासकट लिहिलंय.

"अहो, विणीचा हंगाम आहे."

"दोनच मिनिटं."

प्रत्येक जण दोनच मिनिटं मागतो. पाणकोंबडीचा दिवस त्यातच जातो, आणि त्या बिचारीला कुणी विचारलेलं नसतं.

तेवढ्यात वनरक्षक येताना दिसले. मला हायसं वाटलं. ते थेट माझ्याकडे आले.

"कोपर आत घ्या. वाट सोडायची नाही."

कोपर! फळीबाहेर चार बोटं गेलं असेल. नियम बरोबर आहे, मान्य. मी इतक्या घाईने आत ओढलं की खिळ्यावर घासलं. तोवर ते सहाशे मिलिमीटरकडे वळले होते. "सर, आज काही मिळालं का?"

सरांनी मोबाइल खिशात टाकला होता, पण बंद करायचं राहिलं होतं. खिसा ओरडला, क्वाक.

वनरक्षकांनी बोट ओठांवर ठेवलं. "ऐका सर. अगदी जवळ आहे."

घरी येऊन त्र्याऐंशी फोटो पाहिले. फूल सगळ्यांत हललेलं. एकच फोटो लख्ख आलाय, नाडीच्या विणीसकट. बुटांवरही पानं छापलेली होती, हे तिथे लक्षात आलं नव्हतं.