गुरुवारची व्याख्यानं आणि "पण खरंच आहे ना ते!"

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. पोस्ट लांब होणारे, आधीच सांगते.

गेले दोन महिने दर गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधली सामुदायिक उपासना) आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, हॉलमध्ये व्याख्यानं चालू आहेत, कॅथलिक शिकवण आणि रोजचं जगणं असा काहीतरी विषय. मी पहिल्या गुरुवारी गेले ती श्रद्धेने वगैरे नाही हं. खुर्च्या लावणाऱ्यांच्या यादीत कोणीतरी माझं नाव परस्पर घातलेलं, आणि खुर्च्या लावून झाल्या झाल्या सटकणं बरं दिसेना म्हणून शेवटच्या रांगेत अगदी दाराला लागून बसले, पंधरा मिनिटांनी हळूच निघू असा विचार करून. नाही निघाले.

कारण फादरांनी सुरुवातच अशी केली की उठायचे वांधे झाले. माईक नेहमीप्रमाणे किंचाळला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या घरी कामाला कोणी येतं का? त्यांना गेल्या महिन्याचे पैसे कितव्या तारखेला दिले?" बस्स. हॉलमध्ये सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी पण. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी पैसे देते ते आठवेल तेव्हा, कधी पाच तारीख, कधी नऊ, आणि त्या मागत नाहीत म्हणजे त्यांना चालतंय असं मी सहा वर्षं धरून चाललेले.

मग त्यांनी सांगितलं की ज्या पापांची हाक थेट देवापर्यंत पोचते असं चर्च म्हणतं, त्या मोजक्या पापांच्या यादीत खून आहे, आणि त्याच यादीत मजुरावर केलेला अन्यायही आहे. मजुरी अडवण्याबद्दल तर बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे, त्याच्याही आधी लेवीय पुस्तकात आहे की रोजंदारीवाल्याची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नकोस. सकाळपर्यंत! आणि मी नऊ तारखेपर्यंत. शेजारच्या काकूंनी हळूच पुटपुटून घेतलं, "पण आपण अडवत थोडीच, उशीर होतो फक्त." मला अगदी हेच म्हणायचं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती पोकळ आहे ते कळलं.

आता मुद्द्यावर येते. मी जन्मापासून कॅथलिक. प्रथम कम्युनियन झालं, दृढीकरण झालं, प्रश्नोत्तरं पाठ करून झाली, आणि त्यानंतर माझं धर्मशिक्षण जे थांबलं ते थेट आत्ता, चव्वेचाळिसाव्या वर्षी. मधल्या काळात चर्चची शिकवण म्हणून माझ्या कानावर काय आलं असेल तर लग्न, घटस्फोट, गर्भपात, संततिनियमन. झालं. हे विषय महत्त्वाचे नाहीत असं मी मुळीच म्हणत नाहीये, पण माझ्या दिवसाचे जे सोळा तास ऑफिस, घर, फोन आणि ट्रॅफिक यात जातात त्याबद्दल चर्चला काही म्हणायचं असेल हे मला माहीतच नव्हतं. आणि म्हणायचं किती आहे! 1992 चा जो कॅटेकिझम आहे, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, त्यात 2865 परिच्छेद आहेत, चार भागांत, श्रद्धा, संस्कार, नैतिक जीवन आणि प्रार्थना. त्या तिसऱ्या भागात पगार, कर, वाईट काम, अफवा, रविवारची विश्रांती सगळं सगळं आहे. घरात तो जाडा ग्रंथ लग्नात भेट आलेला, कपाटात वरच्या कप्प्यात, प्लास्टिकसकट.

रविवारच्या प्रवचनात हे का येत नाही असं विचारलं तर सरळ उत्तर आहे, तिथे वेळ नाही आणि ती जागाही नाही. प्रवचन त्या दिवसाच्या वाचनांना धरून असतं. पोप फ्रान्सिसनी तर 2024 मध्ये धर्मगुरूंना सांगितलेलं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर नेऊ नका, नाहीतर लोक झोपतात. (आमच्याकडे हा निरोप अजून पोचलेला दिसत नाही, असो.) पण आठ मिनिटांत पगाराचा न्याय कसा समजावणार? आणि मुख्य म्हणजे मिस्सात हात वर करून "फादर, पण माझ्या बाबतीत" असं विचारता येत नाही. इथे विचारता येतं. खरं व्याख्यान तिथूनच सुरू होतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

पगारावरच्या व्याख्यानाच्याच दिवशी एका गृहस्थांनी विचारलं, की समोरच्याने स्वतःच आकडा सांगितला, आपण हो म्हटलं, दोघं खूश, मग त्यात अन्याय कुठे? मला वाटलं बरोबर आहे यांचं. तर फादर म्हणाले, दोघांची संमती एवढ्यावर पगार न्याय्य ठरत नाही, कॅटेकिझममध्ये हे स्पष्ट लिहिलंय. माणूस गरजेपोटी कमी आकड्यालाही हो म्हणतो, म्हणून त्याच्या होकारामागे लपता येत नाही. हा विचार पोप तेरावे लिओ यांच्या 1891 च्या परिपत्रकातून, रेरुम नोवारुममधून आलेला, कारखान्यातल्या कामगारांचे हाल बघून लिहिलेलं. आत्ताचे पोप लिओ निवडून आले तेव्हा त्यांनी हे नाव का घेतलं तर मुख्य कारण तेच परिपत्रक, हे त्यांनी 2025 मध्ये स्वतः सांगितलं. तेव्हा मी ती बातमी वाचून पुढे स्क्रोल केलं होतं. आता कळलं की त्या नावाचा माझ्या घरातल्या ताईंशी संबंध आहे.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना विचारलं, तुम्हाला पैसे कधी मिळाले तर बरं पडेल? त्या म्हणाल्या, "एक तारखेला दिलेत तर बरं वहिनी, भाडं दोनला असतं." सहा वर्षं. सहा वर्षं त्या दर महिन्याला भाड्यासाठी दुसऱ्या कोणाकडून तरी उसने घेत होत्या आणि मी निवांत. याच्यावर जास्त काही लिहीत नाही, लाज वाटते.

ऑफिसवाल्या गुरुवारी मी ठरवून गेले, कारण वाटलं इथे तरी आपण सेफ, आपण काय ऑफिसातून चोरी करत नाही. तर बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरी करू नकोस याच्याखाली, कर चुकवणं आणि खोटी बिलं यांच्याच ओळीत वाईट केलेलं काम पण आहे. म्हणजे नीट न केलेलं काम, पाट्या टाकणं! पगार घेऊन दुपारी तीन ते चार रील्स बघणारी मी त्या ओळीत कुठे बसते ते आलं लक्षात. मागून कोणीतरी मोठ्याने "अरे देवा" म्हणालं आणि सगळे हसले, फादरही.

पण ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो गुरुवार वेगळाच. विषय आठवी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नकोस. मला वाटायचं खोटं बोलू नका एवढंच. तर तिथे दुसऱ्याच्या नावाला धक्का लावण्याचे तीन प्रकार सांगितलेत. एक, पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात समोरच्याला दोषी धरणं. हे तर आपण जिना चढता चढता करतो. दुसरा, खोटं बोलून बदनामी, तो कळतो सगळ्यांना. आणि तिसरा असा, की गोष्ट खरी आहे, शंभर टक्के खरी, पण ज्यांना माहीत नव्हती त्यांना ती योग्य कारण नसताना सांगणं. ते पण पाप. खरं सांगणं!

इथे हॉल पेटला. पेटला म्हणजे अक्षरशः. आमच्या पॅरिशमध्ये येशूच्या पुनरुत्थानावर कोणी शंका काढली असती तर एवढा गोंधळ झाला नसता. "पण फादर, खरंच आहे ना ते!" हे वाक्य मी त्या दिवशी किमान सात जणांकडून ऐकलं. कारण आपली सगळ्यांची आयुष्यभराची सबब हीच. मी काय खोटं बोलतेय का? सगळ्या बिल्डिंगला माहितीये. मी फक्त तुलाच सांगतेय. फादरांनी ती जुनी पिसांची गोष्ट सांगितली, संत फिलिप नेरींच्या नावावर सांगतात ती. चहाड्या करणाऱ्या बाईला त्यांनी कोंबडीची पिसं रस्त्याने उपटत टाकत यायला सांगितलं आणि मग म्हणाले, आता जा, सगळी गोळा करून आण.

ती गोष्ट मी लहानपणी ऐकलेली, तेव्हा गंमत वाटलेली. या वेळी मला माझा फॅमिली ग्रुप आठवला. आदल्याच आठवड्यात एका नातेवाइकाच्या नोकरीबद्दलची खरी गोष्ट, त्याने मला एकटीला विश्वासाने सांगितलेली, मी चोवीस जणांच्या ग्रुपवर टाकलेली. शेवटी हात जोडलेला इमोजी, "त्याच्यासाठी प्रार्थना करा." प्रार्थनेच्या वेष्टनात गुंडाळून चहाडी, हा आपला खास धार्मिक प्रकार आहे, कबूल करा. मी तिथेच खुर्चीत बसून फोन काढला, मेसेज डिलीट करायला गेले तर सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत उलटून गेलेली. फक्त माझ्या फोनवरून उडवा असा पर्याय राहिलेला. म्हणजे पिसं बाहेर उडालेली आणि माझ्या हातात रिकामी पिशवी.

आणि फादरांपुढे पापनिवेदन करून हात झटकता येत नाहीत म्हणे, नुकसान भरून द्यायचीही जबाबदारी आहे, आणि ते नाव खराब केलं तरीही लागू. मी त्या नातेवाइकाला फोन केला. तो म्हणाला, "ठीकाय गं." तो ठीकाय म्हणजे ठीक नव्हतं.

त्याच संध्याकाळी मागच्या बाजूने एका तरुण मुलीने उभं राहून विचारलं, की मग एखाद्याने, अगदी चर्चमधल्याच कोणी, लहान मुलांशी काही वाईट केलं आणि आम्हाला कळलं तर तेही बोलायचं नाही का, कारण त्याचं नाव खराब होईल? टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मला फादरांचं इथे कौतुक वाटलं, कारण ते गोल गोल बोलले नाहीत. योग्य कारण नसताना, हे शब्द त्याचसाठी आहेत, म्हणाले. मुलाला वाचवायला, गुन्हा योग्य ठिकाणी पोचवायला बोलणं हे कर्तव्य आहे, आणि 2019 पासून धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना (नन, ब्रदर वगैरे) अशी गोष्ट कळली तर ती वरिष्ठांना कळवणं पोपच्या आदेशाने बंधनकारक आहे. आणि चर्चमध्ये गप्प बसण्यालाच पुष्कळ वर्षं सद्गुण समजलं गेलं आणि त्याची किंमत मुलांनी मोजली, हेही ते म्हणाले. ती मुलगी बसली. टाळ्या वगैरे नाही झाल्या, आणि ते बरंच झालं.

आता जरा तक्रारी, कारण नुसतं गोडगोड लिहिलं तर तुम्हाला वाटेल मला कमिटीत घ्यायचंय. एका गुरुवारी बाहेरून आलेल्या वक्त्यांनी एक तास स्लाइड वाचून दाखवल्या, शब्द न् शब्द, आमच्याकडे पाठ करून. प्रश्नांना वेळ उरला नाही. अशा वेळी मला वाटतं पीडीएफ पाठवा आणि आम्हाला घरी जाऊ द्या. दुसरं म्हणजे हॉलमध्ये येतं कोण? जे रोज मिस्साला येतात तेच. ज्यांचं चर्चशी फाटलंय, जे मनातून चिडलेत, त्यांचे प्रश्न सगळ्यात चांगले असतील आणि तेच नसतात. तिसरं, लहान मुलांना रविवारी शिकवतात त्या सगळ्या बायका, पण मोठ्यांचं व्याख्यान आलं की पुरुषांचा आवाज. आमच्यातल्या एक टीचर वीस वर्षं मुलांना आज्ञा शिकवताहेत, त्यांना एक गुरुवार द्या की.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या मोठ्या सभेने, 1965 मध्येच म्हटलंय, की लोक जी श्रद्धा सांगतात आणि जसं रोज जगतात त्यातली फूट ही या काळातल्या गंभीर चुकांपैकी एक. साठ वर्षं झाली. ती फूट माझ्या घरात कुठे आहे हे मला कळायला खुर्च्या लावायच्या यादीत नाव यावं लागलं.

आमचे हे येत नाहीत. दिवसभर ऑफिसात लेक्चर ऐकतो, संध्याकाळी परत नको म्हणतात. पण मी घरी आले की चपला काढायच्या आत विचारणार, आज काय सांगितलं? खरं बोलण्याच्या पापाबद्दल सांगितलं तर साडेअकरापर्यंत वाद. त्यांचं म्हणणं, "मग मी रोज येऊन तुला माझ्या साहेबाबद्दल सांगतो ते काय? ते पण पाप? तुला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं?" मी म्हटलं मन मोकळं करणं वेगळं. ते म्हणाले, वेगळं कसं, तूच म्हणालीस ज्यांना माहीत नाही त्यांना. मी म्हटलं मी म्हणजे लोक थोडीच. ते म्हणाले, आणि तू ते पुढे तुझ्या बहिणीला सांगतेस त्याचं काय?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलाय, बहिणीचा भाग सोडून. गुरुवारी बघू फादर काय म्हणतात.