सामायिक रजिस्टर एकट्या ड्रायव्हरचे नसते

सोलापुरात एम्बेडेड लिनक्स (यंत्रांतल्या छोट्या बोर्डांवर चालणारे लिनक्स) शिकणाऱ्या मुलांमध्ये सध्या एक सल्ला फिरतो आहे: ‘सिस्टिम कंट्रोलच्या रजिस्टरांसाठी सिस्कॉन, रेगमॅप यांचे ओझे कशाला? डेटाशीटमधला पत्ता आयओरीमॅप करा आणि थेट लिहा. आपण आपलाच बिट बदलतो; हवे तर लॉक लावा.’ इथे रजिस्टर म्हणजे चिपमधली सेटिंग ठेवणारी छोटी जागा, आणि ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड. सिस्कॉन आणि रेगमॅप या अशी रजिस्टरे अनेक ड्रायव्हरांना मिळून वापरू देणाऱ्या लिनक्समधल्या सोयी; आयओरीमॅप म्हणजे रजिस्टराचा पत्ता कोडमधून थेट वापरता येईल असा जोडून घेणे; आणि लॉक म्हणजे एका वेळी एकालाच काम करू देणारे कुलूप. हा सल्ला चुकीचा आहे.

‘आपलाच बिट बदलतो’ हे मुळातच खरे नाही, कारण बहुतेक रजिस्टरांत एकटा बिट लिहिण्याची सोय नसते. पूर्ण ३२ बिट वाचून, त्यांत बदल करून, पूर्ण ३२ बिट परत लिहावे लागतात. एएम३३५एक्स या चिपमध्ये दोन्ही लॅन पोर्टांचे मोड एकाच रजिस्टरात असतात. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील यंत्रमागांची नोंद ठेवण्यासाठी आम्ही या चिपवर बोर्ड बांधला, तेव्हा हे मोड दोन वेगळ्या मॉड्यूलमधून लिहिले जात. एकाने शून्य वाचले. ते आपल्या पोर्टचे २ लिहिणार तोच शेड्यूलरने (कोणता कोड कधी चालवायचा हे ठरवणाऱ्या भागाने) दुसऱ्याला संधी दिली, त्यानेही शून्यच वाचून ८ लिहिले, आणि मग पहिल्याचे २ त्यावर बसले. हवे होते दोन्ही मिळून १०. केबल लावली की पोर्टचा दिवा लागे, पण पिंगला उत्तर येत नसे, आणि तेही एखाद्याच बूटला. आम्ही दोन दिवस केबली बदलत बसलो. या चिपमध्ये कोअर एकच आहे, त्यामुळे ‘मल्टिकोअर नसेल तर धोका नाही’ हेही खरे नाही.

‘लॉक लावा’ म्हणताना तो कोणाचा, हे सांगितले जात नाही. माझ्या ड्रायव्हरमधला लॉक शेजारच्या ड्रायव्हरला ठाऊकच नसतो. लॉक रजिस्टराचा हवा. लिनक्सच्या कर्नल (गाभा) ३.७ मध्ये, म्हणजे २०१२ साली आलेला सिस्कॉन नेमके हेच करतो: डिव्हाइस ट्रीतील (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनातील) त्या नोडसाठी एकच रेगमॅप सर्वांना मिळतो, आणि त्याचे अपडेट बिट्स हे फंक्शन वाचणे, बदलणे व लिहिणे एकाच लॉकखाली उरकते.

पत्त्याची जागा कर्नलकडे रीतसर मागितली, तर दुसऱ्या ड्रायव्हरला ‘ईबिझी’, म्हणजे ‘जागा आधीच घेतलेली आहे’ असे उत्तर मिळते. अनेकजण मग मागणीच काढून टाकतात आणि नुसते आयओरीमॅप ठेवतात, कारण ते तक्रार करत नाही. तो इशारा होता, अडथळा नव्हे.

सिस्कॉनमुळे वेग कमी होतो, हा आक्षेप किरकोळ आहे. ही रजिस्टरे बहुधा बूटच्या वेळी मोजक्याच वेळा लिहिली जातात.

रॉकचिप या कंपनीच्या चिपमधल्या जीआरएफ नावाच्या सिस्टिम कंट्रोल रजिस्टरांत मात्र वरचे १६ बिट खालच्या १६ बिटांना लिहिण्याची परवानगी देतात, म्हणून तिथे आधी वाचावे लागत नाही. तरीही तिथले ड्रायव्हर सिस्कॉनमधूनच जातात, कारण ड्रायव्हरमध्ये कोरलेला पत्ता पुढच्या चिपवर तोच राहील याची हमी नसते.