सोंग

मावशीच्या साठीचे फोटो सीडीवर टाकून दे, एवढंच आईचं म्हणणं होतं. चौकातला सायबर कॅफेवाला पन्नास रुपयांत टाकून देत होता. पण २००३च्या सुरुवातीला मी घरच्या कॉम्प्युटरवरून विंडोज पुसून लिनक्स चढवलं होतं आणि त्या उत्साहात "आता आपलं कशावाचून काही अडत नाही" असं जेवताना दोनदा बोलून बसलो होतो. पुण्यात बोललेलं वाक्य घरचेसुद्धा जपून ठेवतात.

"फ्लॉपीवर दे की," बाबा म्हणाले. फोटो सहाशे एमबी. फ्लॉपीत मावतात १.४४. म्हणजे चारशेच्या वर फ्लॉप्या. बाबा म्हणाले, "मग टेम्पो सांगू का?"

एका मित्राकडून सेकंडहँड सीडी रायटर मिळाला. कोऱ्या सीड्या तपकीर गल्लीतून आणल्या. रायटर बसवला, काळ्या पडद्यासमोर मांडी ठोकली आणि सीडीरेकॉर्ड नावाच्या प्रोग्रॅमला हाक मारली. उत्तर आलं: स्कझी ड्रायव्हर उघडता येत नाही. आणि खाली, आपण रूट आहात याची खात्री करून घ्या.

रूट म्हणजे त्या मशीनचा मालक. पेठेतल्या एखाद्या दारावरची पाटीच ही! 'कोण आपण? काम काय?' मालक होऊन पुन्हा गेलो. "स्कझी ड्रायव्हर उघडता येत नाही." मालकालाही तेच उत्तर, हेही पेठेला धरूनच झालं.

मग कळलं की हा जातीचा प्रश्न आहे. सीडीरेकॉर्ड फक्त स्कझी घराण्यातल्या ड्राइव्हशी बोलतो. स्कझी म्हणजे महागडी, सर्व्हरमध्ये नांदणारी मंडळी. आमचा रायटर साधा आयडीई, तुमच्या-आमच्यासारखा. यावर २.४ कर्नेलमध्ये (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) तोड काय, तर आयडीई-स्कझी नावाचं मॉड्यूल, म्हणजे त्या गाभ्याला जोडायचा तुकडा. ते आयडीई ड्राइव्हला स्कझीचं सोंग देतं. आम्ही कोथरूडला राहतो, पण लग्नाच्या बैठकीत बाबा "मूळचे सदाशिवातले" असं सांगतात, त्यातलाच प्रकार. त्यामुळे तत्त्व मला चटकन पटलं.

हे सोंग कॉम्प्युटर उठतानाच द्यावं लागतं. लिलो म्हणजे मशीन चालू होताना लिनक्सला उठवणारा प्रोग्रॅम. त्याच्या फाइलीत 'एचडीसी बरोबर आयडीई-स्कझी' अशी ओळ घातली (एचडीसी हे आमच्या रायटरचं लिनक्समधलं नाव) आणि मशीन रीस्टार्ट केलं. काही नाही. तासभर डोकं खाजवल्यावर आठवलं की फाइल बदलली की लिलो पुन्हा चालवायचा असतो. नुसती फाइल बदलून लिलोला काहीच कळत नाही. त्याला समोर बसवून सांगावं लागतं. सांगितलं. पुन्हा रीस्टार्ट. मग सीडीरेकॉर्ड डॅश स्कॅनबस, म्हणजे कोण कोण ड्राइव्ह हजर आहेत ते सांग. आणि आली यादी! ०,०,० समोर आमच्या रायटरचं नाव, खाली एकाखाली एक नुसते तारे. सात खोल्या रिकाम्या आणि एकच बिऱ्हाड असलेल्या वाड्याच्या जिन्यातली पाटी दिसावी तशी. मी आईला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, "फोटो कुठायत?"

सीडीरेकॉर्ड सुरू करायच्या आधी नऊ सेकंद मोजतो. थांबायची ही शेवटची संधी, म्हणतो. आठ, सात... रजिस्ट्रारच्या कचेरीतसुद्धा इतकं बजावत नाहीत.

पहिली सीडी निम्मी झाली होती. बाबांनी शेजारून येऊन भीमसेनांचा 'तोडी' लावला, त्याच कॉम्प्युटरवर. रायटरच्या पोटात पुढे लिहायच्या माहितीची दोन एमबीची शिदोरी असते, आठपट वेगाला ती दोन सेकंदसुद्धा पुरत नाही. हार्डडिस्क तोडीत रमली, शिदोरी संपली, सीडी गेली. नवीन रायटर अशा वेळी जरा थांबून पुढे चालू लागत. आमचा जुना, स्वभावाने ताठ.

दुसरी पूर्ण झाली. पण फाइली बांधताना मी डॅश आर आणि डॅश जे ही लांब नावं जपणारी अक्षरं विसरलो होतो, त्यामुळे नावं आठ अक्षरांवर तोडली गेली. 'मावशी_औक्षण'चं औक्षणच गेलं.

तिसरी गुरुवारी लावली. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला वाटलं दहाच मिनिटं लागतील. नवव्या मिनिटाला पंखा मंद झाला.

चौथी शुक्रवारी रात्री, सगळ्यांना झोपवून. बाबांना उठायचंच होतं, पण त्यांना आधी पाणी नेऊन दिलं. एमबीचे आकडे वाटीतल्या दुधासारखे चढत गेले, मग 'फिक्सेटिंग' (म्हणजे सीडीवर शेवटचा शिक्का मारणं) असा शब्द येऊन मिनिटभर काहीच हलेना, आणि मग ड्रॉवर आपणहून बाहेर आला. सीडी कोमट होती. मी ती दोन बोटांत धरून बराच वेळ नुसता बसलो.

त्याच डिसेंबरात २.६ कर्नेल आलं. त्यात सोंगाची गरजच राहिली नाही; आयडीई ड्राइव्हचं नाव सरळ सांगितलं की काम होतं. म्हणजे इतक्या कष्टाने मिळवलेल्या विद्येला वर्षही लाभलं नाही. तिन्ही वाया गेलेल्या सीड्या आईने दोऱ्याने गॅलरीत टांगल्या. पारवे त्यांना पाहून दोन दिवस बिचकले, मग त्यांच्याच शेजारी बसू लागले.

मावशीचा मात्र नाशिकहून फोन आला. "किती छान रे निघालेत! फार त्रास झाला का?"

बाबा समोर पेपर वाचत होते. पेपर जरा खाली आला.

"छे गं मावशी," मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम असतं ते."