विषाची ओळख आणि ॲन्टिबॉडी : ग्वाल्हेरच्या वाचकांना उत्तर

काका, सादर नमस्कार.

'आधी न भेटलेलं विष शरीर ओळखतं हे अशास्त्रीय आहे. ॲन्टिबॉडी तयार व्हायला आठवडा तरी लागतो', हा माझ्या लेखावरचा तुमचा पहिला आक्षेप. 'अन्न खळखळून उकळलं की विष मरतं', हा दुसरा.

ॲन्टिबॉडीचा हिशेब बरोबर आहे, पण तो प्रतिकारशक्तीच्या शिकून येणाऱ्या भागाचा. शरीर आधी न भेटलेलं विषही ओळखतं, असं मी लिहिलं ते जन्मजात भागाबद्दल, आणि त्यावर मी ठाम आहे.

काही विषं थेट ओळखली जातात. साल्मोनेलासारख्या जिवाणूंच्या आवरणातलं एन्डोटॉक्सिन नावाचं विष टिपणारा टीएलआर-४ रिसेप्टर (पेशीवरचं, विष ओळखणारं प्रथिन) आपण जन्मतःच घेऊन येतो. उंदरांच्या एका वाणावर एन्डोटॉक्सिनचा परिणामच होत नसे. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ साली दाखवलं, की या उंदरांचा टीएलआर-४ चाच जीन बिघडलेला आहे. विष बाधत नाही म्हणजे वरदानच, असं वाटेल. पण धोक्याची सूचनाच मिळत नसल्याने साल्मोनेलाच्या संसर्गात हेच उंदीर पटकन मरत. बॉयटलर यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी तऱ्हा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जिवाणूचं विष आतड्यातल्या पेशीत शिरून 'ऱ्हो' नावाच्या प्रथिनाला साखरेचा रेणू चिकटवतं आणि ते बंद पाडतं. ऱ्हो चालू असतं तोवर पायरिन नावाचं दुसरं प्रथिन बांधलेलं असतं. ऱ्हो थांबलं की पायरिन सुटतं, कॅस्पेज-१ हे दाह पेटवणारं एन्झाइम जागं होतं आणि दाह सुरू होतो. आता गंमत बघा : दुसऱ्या जिवाणूंची विषं ऱ्होवर साखरेऐवजी वेगळेच रेणू चिकटवतात, तरीही पायरिन जागं होतंच. २०१४ साली हे प्रयोगांत दिसलं. म्हणजे पायरिन विषाचा चेहरा पाहतच नाही, त्याने केलेली मोडतोड पाहतं. चोर अनोळखी असला तरी फुटलेलं कुलूप दिसतंच ना! मग आधीच्या भेटीची गरज काय?

हाच दाह आवरेनासा झाला तर सेप्सिससारखं जिवावरचं दुखणं होतं. म्हणून सरसकट 'इम्युनिटी वाढवा' या सल्ल्याला माझा विरोध आहे.

आता उकळण्याचं. इथे इंदुरात, रामबागेतल्या घरांतसुद्धा, उन्हाळ्यात दिवसभर ओट्यावर राहिलेली खीर संध्याकाळी उकळून वाढतात. त्यात स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू वाढला असेल, तर उकळल्याने जिवाणू मरतात, पण त्याचं विष उकळीलाही टिकतं. काही तासांतच उलट्या सुरू होतात. उरलेली खीर वेळेत फ्रीजमध्ये ठेवावी. ओट्यावर राहिलीच, तर जीव हळहळला तरी टाकून द्यावी, विशेषतः घरात लहान मूल किंवा तुमच्या वयाचं कुणी असेल तर.