बीटची वर्तुळे वार्षिक वलये नव्हेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

मुळांच्या द्वितीयक वाढीवरील (म्हणजे जाडीतील वाढीवरील) माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ‘कोवळ्या मुळात कॅम्बियम नसते’ (कॅम्बियम म्हणजे सतत विभागून मूळ किंवा खोड जाड करणाऱ्या पेशींचा थर) हे विधान आपल्याला चुकीचे वाटते. शिवाय बीटची वर्तुळे खोडातील वार्षिक वलयांसारखी एकेक करून पूर्ण होत असताना ती सगळी बरोबरीने वाढतात असे लिहून मी वाचकांची दिशाभूल केली, असे आपले म्हणणे आहे.

पहिला आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे, कारण ‘नसते’ एवढेच लिहून थांबणे योग्य नव्हते. द्विदल वनस्पतींच्या कोवळ्या मुळात जलवाहिन्या आणि (अन्नरस वाहणाऱ्या) रसवाहिन्या आलटून-पालटून, वेगवेगळ्या त्रिज्यांवर असतात. रसवाहिनीच्या आतल्या बाजूला विभाजनक्षम राहिलेल्या पेशींपासून कॅम्बियमचे तुकडे प्रथम तयार होतात. पुढे जलवाहिनीच्या टोकांसमोरील परिरंभाच्या (वाहिन्यांना वेढणाऱ्या थराच्या) पेशीही विभागू लागतात आणि तुकडे जोडले जाऊन कॅम्बियमचे एक सलग कडे बनते. म्हणून हे कडे आधी नागमोडी असते. रसवाहिनीखालच्या भागात काम आधी सुरू झाल्यामुळे तेथील नव्या जलवाहिन्या त्याला बाहेर रेटतात आणि मग ते गोल होते. लेखातील वाक्य मी त्यानुसार दुरुस्त करीत आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य करता येत नाही. एकच कॅम्बियम, आत जलवाहिनी आणि बाहेर रसवाहिनी, हे जे आपण मांडले आहे ते गाजराला तंतोतंत लागू पडते. उकडलेले गाजर उभे चिरले की मधला फिकट गाभा बाहेरच्या केशरी भागापासून अलगद सुटतो; तो सुटतो ती जागा कॅम्बियमची. (हलव्यासाठी किसताना पुष्कळ घरांत काढून टाकतात तो हाच गाभा, म्हणजे जलवाहिनीचा भाग.) बीटमध्ये मात्र पहिल्या कॅम्बियमच्या बाहेर दुसरे, त्याच्या बाहेर तिसरे, अशी अनेक कॅम्बियम मूळ अगदी लहान असतानाच पाठोपाठ निर्माण होतात, आणि नवे आले म्हणून जुने थांबत नाही. चकतीवर दिसणारी अरुंद फिकट वर्तुळे ही वाहक ऊतींची (जलवाहिन्या-रसवाहिन्यांची) असतात आणि त्यांच्यामधले रुंद, गडद पट्टे अन्न साठवणाऱ्या मृदू पेशींचे. बाहेरचे वर्तुळ सर्वांत उशिरा सुरू झालेले असते, एवढे आपले म्हणणे बरोबर आहे. पण आतले वर्तुळ तेव्हा पूर्ण झालेले नसते, तेही वाढतच असते. शिवाय दोन-तीन महिन्यांत काढणीला येणाऱ्या पिकात वर्षांचा हिशेब कोठून येणार?

आपण शिकवता असे आपण लिहिले आहे, म्हणून एक विनंती करतो. एकाच वाफ्यातले, एकाच दिवशी उपटलेले एक लिंबाएवढे आणि एक मुठीएवढे बीट आडवे कापून विद्यार्थ्यांना वर्तुळे मोजायला सांगावीत. संख्येत फारसा फरक आढळणार नाही. फरक दिसेल तो पट्ट्यांच्या रुंदीत.