आली परत ट्रॉफी!

गल्लीच्या टोकाला मांडव पडला, कर्णे आमच्या खिडकीकडं तोंड करून बांधले की समजायचं, आता रात्री बारापर्यंत झोपेचं खोबरं. बेळगावात ट्रॉफी म्हणजे गल्ली क्रिकेटची स्पर्धा, हे दरवर्षीचंच. हाफ पीच म्हणजे आखूड खेळपट्टी, टेनिस बॉल, फ्लडलाइट. कॉमेंट्री अर्धी मराठी, अर्धी कन्नड, आणि सिक्सर थेट आमच्या मंगळुरी कौलांवर! कौल फुटलं तर विचारायला कोण येत नाही, बॉल मागायला मात्र चौघं हजर. वर्गणीची पावतीही आम्हालाच.

बोललं की ऐकवतात, ‘काकू, गल्लीचं नाव होतंय की!’ होऊदे बाबा. १९७६ च्या ऑलिंपिकनं कॅनडातल्या माँट्रियलचंही नाव झालं. स्टेडियमचं कर्ज फिटायला २००६ उजाडलं, तेही सिगारेटवरच्या करातून. जर्मनीतले हॅम्बुर्गवाले शहाणे, २०१५ साली मतदान घेऊन ऑलिंपिक सरळ नको म्हणाले. आम्हाला कोण विचारतंय? सकाळी मैदानात कागदी कप, खिळे, फटाक्यांचा कचरा. फिरायला जाणारी म्हातारी माणसं वाट चुकवत चालतात. उद्घाटनाचे पुढारी दोन बॉल खेळून, फोटो काढून केव्हाच पसार. आज सेमीफायनल म्हणे, आणि पोराचा उद्या गणिताचा पेपर. जा, सांगा कुणीतरी त्यांना, माझं काय ऐकत नाहीत.