बर्लिनरने म्हणे कॉम्प्युटर वापरला!

भाचा बुद्धिबळाच्या वर्गाला जातो. परवा मोबाइल पुढे करून म्हणाला, "मामा, पत्राने, म्हणजे पोस्टाने चाली कळवून, खेळणारे सगळे चीटरच होते ना?" वर्गाच्या ग्रुपवर आलेला मजकूर असा: एस्ट्रिनविरुद्धचा गाजलेला डाव हान्स बर्लिनरने कॉम्प्युटरच्या जोरावर जिंकला, एस्ट्रिन कच्चा होता, आणि ते ओपनिंगही, म्हणजे डावाची सुरुवातीची मांडणी, फुसकं निघालं. बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यात हे भरवताय?

हा डाव पाचव्या जागतिक पत्र-बुद्धिबळ स्पर्धेतला, १९६५ ते १९६८. ती जिंकून बर्लिनर जगज्जेता झाला. माणसांच्या स्पर्धेत उतरलेला पहिला कॉम्प्युटर प्रोग्राम एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाचा 'मॅक हॅक'. तो उतरला १९६७ मध्ये, आणि खेळायचा साध्या क्लब खेळाडूइतपत. तो जगज्जेत्याला काय शिकवणार? बर्लिनर पुढे संगणकशास्त्रज्ञ झाला हे खरं, पण त्याची पीएच.डी. १९७४ची आणि त्याचा बुद्धिबळ खेळणारा संगणक 'हायटेक' १९८०च्या दशकातला. नंतरची कामगिरी उचलून आधीच्या डावाला चिकटवली, झालं!

डाव एकदा पटावर मांडा तरी. एस्ट्रिन पांढरा, बर्लिनर काळा. ओपनिंग टू नाइट्स डिफेन्स, पाचव्या चालीला काळ्याचं प्यादं बी५ या घरात. दहाव्या चालीला पांढरा प्यादं एफ३वर आणतो. आता काळ्याचा डी४चा घोडा आणि जी४चा उंट, दोन्ही प्याद्यांच्या माऱ्यात. बर्लिनर दोघांनाही हात लावत नाही, प्यादं ई४वर ढकलतो. एस्ट्रिन घोडा मारतो. तरी उंट तसाच माऱ्यात ठेवून बर्लिनर दुसरा उंट डी६वर आणतो. मग त्याला शह बसतो, राजा डी८वर जातो, किल्लेकोट (राजाला हत्तीआड सुरक्षित नेणारी चाल) कायमचा गेला. त्या काळचं कुठलं यंत्र असलं धाडस करणार होतं? आणि डाव तिथे संपतही नाही. २८व्या चालीपर्यंत वजीर पटाबाहेर, मग हत्ती-प्याद्यांचं चिवट एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, ४२व्या चालीला विजय.

एस्ट्रिन कच्चा? टू नाइट्सवर पुस्तक लिहिलेला माणूस, आणि पुढे स्वतः पत्र-बुद्धिबळाचा जगज्जेता!

ओपनिंगबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. आजची इंजिनं, म्हणजे बुद्धिबळाचे प्रोग्राम, या बी५वर पांढऱ्याची बाजू उजवी धरतात. पुस्तकं चाळायलाही पत्र-बुद्धिबळात मुभा होतीच, पण ती दोघांनाही.

काल भाच्यासमोर दहाव्या चालीपर्यंत पट मांडला आणि म्हटलं, तू पांढरा, काय मारशील? त्याचा हात आधी उंटाकडे गेला, मग घोड्याकडे, मग त्याने हात मांडीवर ठेवला. बहिणीने जेवायला दोनदा हाक मारली, तरी उठला नाही.